कोपऱ्याच्या प्लॉटातलं हेलिकॉप्टर

फाल्गुन लागला की वर्ध्यातल्या माणसांना पळसाचं वेड लागतं. सकाळी फिरायला गेलेला माणूस परत येताना पळसाचा फोटो घेऊनच येतो आणि सगळ्या गावाला पाठवतो. खाली दोन ओळी असतात, रान पेटलं वगैरे. माझ्या फोनवर असा फोटो आला की मी तो पुसून टाकतो. पळसाने माझं काही वाकडं केलेलं नाही, हे मलाही कळतं. पण पळस फुलला म्हणजे वावरं मोकळी झाली, आणि वावरं मोकळी झाली की ज्या वर्षी मी हेलिकॉप्टर घेतलं ते वर्ष आठवतं. मग दिवसभर मी दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत असतो. शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते की फाल्गुनात तुमच्या दुकानाला कुलूप लावलेलं बरं.

दुकान पंप-मोटारींचं आहे आणि छंद विमानांचा. दोन हात पसरले की जेवढं अंतर होतं तेवढ्या पंखांची विमानं. हलक्या फोमची नाहीतर बाल्सा लाकडाची, नाकावर मोटार, पोटात बॅटरी. गळ्यात रेडिओ अडकवायचा आणि त्याच्या दोन काड्या अंगठ्यांनी हलवत ते आभाळात फिरवायचं. पन्नाशीच्या माणसाने पत्ते कुटले तर चालतं, चौकात उभं राहून दुसऱ्यांच्या सुना-जावयांची उणीदुणी काढली तर चालतं. विमान उडवलं की लोकांना त्याच्या डोक्याची काळजी वाटते. मी ही काळजी कधी मनावर घेतली नाही. लोकांना पटवत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि इच्छा तर त्याहून नव्हती.

उडवायला जागा मात्र लागते. विमान धावत जाऊन उठतं आणि धावत येऊन बसतं. ती जागा आम्हाला होती. पवनारला धाम नदीच्या अलीकडे माझ्या सासऱ्यांचं वावर होतं. सासरे गेल्यावर ते त्यांच्या दोन लेकरांचं झालं, शोभाचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, विनायकचं. हरभरा कापून-सोंगून झाला, भुशाचं कुटार उचलून नेलं की वरचा तुकडा अंगणासारखा सपाट पडायचा. मी आणि गजभिये साहेब तिथे दिवस उजाडताच हजर. गजभिये पाटबंधारे खात्यात होते, माझ्यासारखेच विमानवेडे, फक्त माझ्यापेक्षा शांत. हरभऱ्याच्या आंबेने, म्हणजे त्याच्या झाडावरच्या आंबट दवाने, बुटांचं चामडं पांढरं पडायचं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या टिटव्या आमच्या नावाने ओरडत सुटायच्या. त्यांची अंडी ढेकळांत उघडीच पडलेली असत. आम्ही त्या जागी काठी रोवून तिकडे विमान न्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. टिटवीला आमचा हा चांगुलपणा कधी कळला नाही. ती विमानाच्या शेपटीमागे लागायची ती लागायचीच. ऊन तापून वारा सुटला की खेळ संपला. मग शोभाने आणलेला चहा धुऱ्यावर बसून प्यायचा. ती त्या वावरातच वाढलेली. कुठल्या बाजूने वारा येणार हे ती चहा ओतता ओतता सांगायची आणि ते खरं निघायचं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर विनायक आमच्याकडे आला. हातात नागपूरच्या संत्रा बर्फीचा डबा. हा माणूस मला कधीच आवडला नाही, आणि न आवडण्याचं कारण सांगणंही कठीण, कारण तो माझ्याशी कधी वाकडा शब्द बोलला नाही. आला की पाया पडणार. भाऊजी तुम्ही वर बसा, भाऊजी तुम्ही आधी घ्या. जावयाचा मान ठेवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या अख्ख्या नात्यात नाही. मान एवढा की त्याच्यापुढे माणसाला तोंड उघडता येऊ नये. त्या दिवशी बर्फी खाऊन झाल्यावर त्याने सांगितलं की वावराचं ले-आऊट करायचं ठरलं आहे. महामार्ग झाल्यापासून नागपूरची माणसं पवनारला प्लॉट विचारत येतात, आता नाही केलं तर कधी करणार. फक्त ताईची सही लागेल, हक्क सोडल्याची.

आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे करून देतात आणि त्याबदल्यात माहेर राखतात. दिवाळीला साडी, लेकरांच्या लग्नात मामाचा मान, आणि म्हातारपणी दोन दिवस जाऊन राहायला एक घर. हा सौदा आहे असं कुणी म्हणत नाही. म्हणणारी बाई भावाच्या जिवावर उठलेली ठरते. आणि या सगळ्यात जावयाने बोलायचं नसतं. सासरच्या जमिनीवर बोलणाऱ्या जावयाला लोक काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून मी गप्प बसलो होतो. माझा चेहरा मात्र गप्प बसला नसावा, कारण विनायक माझ्याकडे वळला.

“भाऊजी, तुमाले धावपट्टी कायले पायजे? हेलिकॉप्टर घ्या न. ते जागच्या जागी उठते अन् जागच्या जागी बसते. कोपऱ्याचा प्लॉट मी तुमच्यासाठी सोडून ठेवतो. ताईचाच हाये तो, असं समजा.”

शोभाचा चेहरा उजळला. तिला दोन्ही मिळत होतं, भाऊही आणि माझं आभाळही. तो गेल्यावर मी एवढंच म्हटलं की कोपऱ्याच्या प्लॉटाचं कुठे तरी लिहून घेऊ. ती माझ्याकडे असं पाहू लागली जसं मी तिच्या भावाला चोर म्हटलं होतं. भावापासून काय लिहून घ्यायचं, एवढंच बोलली आणि डबा आत घेऊन गेली. सेलूच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन तिने सही केली. आमच्या माणसांची ही रीतच आहे. परक्याशी व्यवहार करताना शंभर कागद पाहतील, आणि जिथे खरी भीती असते तिथे कागद मागणं पाप समजतील.

तर असं मी हेलिकॉप्टर घेतलं. आवडलं म्हणून नाही. माणूस भाड्याच्या लहान घरात जायचं ठरल्यावर लहान पलंग घेतो, तसं घेतलं.

विमान उडवणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टर निवडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कारण त्याला वाटत असतं की आपल्याला उडवणं येतं. मलाही वाटत होतं. शिवाय मोटार म्हणजे माझा धंदा. गजभियेंना मी हेलिकॉप्टर घेतोय हे सांगितलं तेव्हा ते आपल्या विमानाची पुसापुशी करत होते. त्यांनी फडकं थांबवलं नाही. म्हणाले, “मी पंखवालं उडवतो. पंखा नाई उडवत.” मग थोड्या वेळाने, फडक्याची घडी करता करता, असंही म्हणाले की जागा गेली तर आपण दुसरी पाहू, हे कशाला घेता. मला त्यांचा राग आला. जागा त्यांच्या बायकोची नव्हती.

नागपूरच्या ज्या दुकानातून आम्ही सामान आणायचो तिथला माणूस फोनवर आधी हसला. विमानवाले का, म्हणाला, मग तर तुम्हाला जास्त त्रास. मी दोनदा फोन आपटला आणि तिसऱ्यांदा त्याला परत लावला. त्याने सांगितलं ते असं. सगळ्यात लहान हेलिकॉप्टर, वर एकावर एक असे दोन पंखे असलेलं, ते घरातल्या घरात कुणालाही उडवता येतं, पण वावरातल्या वाऱ्यात ते कचऱ्यासारखं उडून जाईल. सगळ्यात मोठं हवेत सगळ्यात स्थिर राहतं, पण त्याचं पातं माणसाला लागलं तर काम संपलं, आणि पडलं तर दुरुस्तीत दिवाळं. मग उरतं मधलं. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून थोडं लांब पातं. मधल्याची गंमत अशी की ते मोठ्याइतकं स्थिर नाही आणि लहानाइतकं स्वस्त नाही. मी मधलं घेतलं. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय घेणार.

रेडिओही नवा घ्यावा लागला, आणि याचा मला जास्त संताप आला. माझा जुना रेडिओ किती वर्षांचा, त्याच्या काड्यांवर माझ्या अंगठ्यांचे खड्डे पडलेले. पण हेलिकॉप्टरचं गणित वेगळं. विमानात मोटारीचा वेग वाढवला की विमान जोरात जातं. इथे वेग आणि पात्यांचा कोन दोन्ही एका काडीवर एकदम बदलायचे, पात्यांखालची तबकडी तीन बाजूंनी कलवायची, आणि शेपटीचा लहान पंखा सांभाळायला जायरो नावाचं तोल राखणारं यंत्र लागतं, नाहीतर सगळं हेलिकॉप्टरच भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. जुन्या रेडिओला यातलं काही कळत नव्हतं. नव्या रेडिओत कळत होतं, पण त्याची थ्रॉटलची, म्हणजे वेगाची काडी विमानासारखी टकटक करत खाचांतून सरकायची. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे, असं दुकानदार म्हणाला. म्हणून नवाकोरा रेडिओ मागून उघडून त्यातली लहानशी पत्ती काढून टाकली. एखादी वस्तू घरी आणून आधी तिचा एक दात उपटावा लागतो, हे मला मुळीच आवडलं नाही.

दुकानदार म्हणाला, आधी संगणकावर शिका. लेकाचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर ते शिकवणारं सॉफ्टवेअर घातलं आणि दुकानाच्या गल्ल्यामागे बसून मी खोटं हेलिकॉप्टर पाडायला लागलो. गिऱ्हाईक विचारतं, साडेसात हॉर्सपॉवरची मोटार आहे का, आणि मी सांगतो थांबा, पडू द्या. विमानाला सोडून दिलं तर थोडा वेळ ते आपलं आपण जातं, वाऱ्यावर रेलतं, तेवढ्यात माणसाला विचार करायला मिळतं. हेलिकॉप्टर सोडून दिलं की लगेच कुठल्या तरी बाजूला कलंडतं. एका जागी उभं ठेवण्यासाठी दोन्ही अंगठे सतत, अगदी केसभर, हलत ठेवावे लागतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं ते नुसतं उभं आहे. त्या नुसत्या उभ्या राहण्यात माझ्या मानेचे स्नायू आखडून जायचे आणि घरी आलो की शोभा तेल लावून द्यायची.

नवशिक्याने हेलिकॉप्टरला खाली चार लांब पाय बांधायचे असतात, म्हणजे ते कलंडत नाही. विकत मिळतात ते पाय मी घेतले नाहीत. बांबूच्या कामट्या तासल्या, फुलीसारख्या बांधल्या आणि टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावले. हे ध्यान घेऊन मी त्या फाल्गुनात वावरात गेलो. तोवर वावर वावर राहिलं नव्हतं. विनायकच्या माणसांनी चुन्याच्या रेघा मारून जागोजाग सिमेंटचे दगड पुरले होते आणि त्यांवर लाल रंगात आकडे टाकले होते. टिटव्यांच्या जागेवरून रस्ता गेला होता. ढेकळं दबून सपाट झाली होती, पण मी तिकडे पाहायला गेलो नाही. गजभियेंनी त्यांचं विमान एकदाच तिथे उतरवलं. एका दगडाने त्याचा डावा पंख खांद्यातून उपटून घेतला. त्यांनी तुकडे उचलले, थैलीत घातले आणि त्यानंतर ते आले नाहीत. मी त्यांना फोन केला नाही. मला वाटलं, मागे हटून हे मला दाखवत आहेत की त्यांचंच खरं होतं.

आता सांगायला हरकत नाही, विमानवाल्या माणसाच्या हातात एक घाण सवय असते. विमान संकटात आलं, नाक खाली करून पडायला लागलं, की आपण उजवी काडी आपल्याकडे ओढतो. नाक वर होतं, विमान सावरतं. वर्षानुवर्षं तेच. अंगठा मेंदूला विचारत नाही. हेलिकॉप्टर शिकताना आपण त्याच्या मागे उभे राहतो, शेपटी आपल्याकडे. ते घाबरवायला लागलं आणि आपण काडी आपल्याकडे ओढली, तर ते वर जात नाही. ते मागे येतं. थेट आपल्या अंगावर. एका सकाळी वाऱ्याचा झोत आला, मी ओढलं, आणि कोपऱ्याच्या प्लॉटात माझ्या कमरेच्या उंचीवर ते कापत कापत माझ्याकडे आलं. मी जमिनीवर पालथा पडलो. पाती माझ्यावरून गेली आणि मागच्या दगडावर आपटून तुटली. कामट्यांचा भुगा झाला. मी उठलो तर शोभा धुऱ्यावरून पळत आलेली, पदर सुटलेला. आधी तिने माझे हात पाहिले, उलटेपालटे करून, बोटं सगळी आहेत का. मग म्हणाली, “तुमाले अंगावर येणारं बी आपल्याकडंच ओढाची सवय हाये.” आणि तुटलेली पाती गोळा करायला लागली.

मला ते बोलणं लागलं. ते विनायकबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. पण दुसरे पाय तासले, दुसरी पाती बसवली, आणि रोज तिथेच गेलो. अंगठ्याला दूर ढकलायला शिकवायचं, जिथे सगळं अंग म्हणतंय की ओढ. हे शिकायला मला तो अख्खा महिना लागला. मोह फुलला, त्याचा गुळमट वास नदीकडून यायला लागला, ऊन तापलं, दगडांवरचे लाल आकडे तापून चमकायला लागले. त्या सगळ्या दिवसांत मला कधी आनंद झाला नाही. विमान उडवताना मी कित्येकदा मोठ्याने हसलेलो आहे, एकटाच. हेलिकॉप्टर उडवताना एकदाही नाही. ते माझ्या डोळ्यांसमोर हवेत उभं राहायचं, मी त्याच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याने आधी जावं. तरी मी ते सोडलं नाही. कोपऱ्याचा प्लॉट आमचा होता, आणि आमचा आहे हे दाखवायला तिथे काही तरी उडायला हवं होतं.

आता तिथे दुमजली घर आहे. कठड्याला स्टीलचे पाइप, गेटवर कुत्रा. नागपूरला जाता-येता बस त्याच्या समोरून जाते तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला पाहतो. गजभिये आणि मी आता सिंदी रेल्वे या गावाच्या पुढे एका पडीत तुकड्यावर जातो. होय, बोलणं सुरू झालं, त्यांनीच सुरू केलं. त्या तुकड्याचा मालक दर वर्षी नव्याने विचारतो की यात कॅमेरा आहे का, आमच्या विहिरीचा फोटो कुठे जातो का. दर वर्षी त्याला विमान उघडून दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या वावरात उभं राहून परवानगी मागायची, तीही माझ्यासारख्याने, जो गिऱ्हाइकालाही दुसऱ्यांदा भाव सांगत नाही. ते असो. पाडव्याचं सांगायचं राहिलं.

पाडव्याला ले-आऊटचं उद्घाटन होतं. रस्त्याच्या तोंडाशी मंडप, त्यात उंच गुढी, गाठ्यांच्या माळा, आणि भोंग्यावर कसलीशी गाणी. नागपूरहून गाड्या भरभरून माणसं आली होती. बायका चुन्याच्या रेघांवरून साड्या सावरत प्लॉट पाहत फिरत होत्या. विनायक पांढऱ्या शर्टात सगळीकडे. त्याने मला आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं की भाऊजी, तुम्ही हेलिकॉप्टर उडवजा, लोकांना मजा वाटेल. मी हो म्हटलं. त्याच्यासाठी नाही. सगळ्यांसमोर आमच्या प्लॉटातून उडवलं की तो आमचा ठरेल, अशी माझी समजूत. कामट्यांचे पाय मी मुद्दाम काढून ठेवले होते. आता त्यांची गरज नव्हती.

माणसं दूर उभी करून मी ते उठवलं. सरळ वर गेलं, डोक्याच्या खूप वर, आणि उभं राहिलं. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. मला पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मला डोळ्याच्या कडेने दिसलं की विनायक एका कुटुंबाला घेऊन कोपऱ्याच्या प्लॉटाकडे येतो आहे. नवरा, बायको आणि त्याची म्हातारी आई. ती माणसं चुन्याची रेघ ओलांडून आत आली आणि दगडावरचा आकडा वाचू लागली. नवरा पावलं टाकून लांबी मोजत होता. म्हातारीने वाकून थोडी माती उचलून पाहिली.

विनायक माझ्या शेजारी आला. “भाऊजी, तिकडं बाजूले न्या न जरा. पार्टीले जागा पसंत पडून राह्यली.”

मी त्याच्याकडे पाहू शकत नव्हतो. नजर वरून काढली की ते पडणार. मी वर पाहतच विचारलं की हा प्लॉट तर आपला होता ना. तो हसल्याचं मला ऐकू आलं. म्हणाला की कोपऱ्याचाच प्लॉट सगळे मागतात, दोन्हीकडून रस्ता, तुम्हाला मागचा देतो न, नाल्याकडचा, हेलिकॉप्टरला काय, कुठेही बसतं. आणि पुन्हा भाऊजी म्हणाला.

रेडिओ वाजायला लागला. बॅटरी संपत आली की तो टीक टीक करतो. मी निमिषभरच खाली नजर फिरवली. रस्त्यांवर गाड्या, मंडपात माणसं, प्रत्येक रेघेच्या आत कुणी ना कुणी उभं. जे वावर मला विमान धाववायला पुरून उरायचं, त्यात आता मधल्या आकाराचं एक हेलिकॉप्टर ठेवायला जागा नव्हती.  ते हेलिकॉप्टर सरळ मंडपावर सोडावं, असं वाटलं. अंगठा तिकडे वळायलाही लागला होता, आणि रेडिओ जास्त जोरात वाजत होता.

तेव्हा शोभा मंडपातून बाहेर आली. तिने काय ऐकलं होतं मला माहीत नाही; बहुतेक सगळंच, विनायकचा आवाज लहान कधीच नसतो. ती घाईत नव्हती. कोपऱ्याच्या प्लॉटात गेली, त्या म्हातारीला हात धरून रेघेबाहेर नेलं, नवरा-बायकोला मागे सरकायला सांगितलं, अगदी पाहुण्यांशी बोलावं तसं. मग पुन्हा आत जाऊन दगडाजवळ उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“उतरवा. मी हाये इथं.”

वारा नदीकडून होता. ते खाली येताना एकदा कलंडलं, तिच्या दिशेने. अंगठ्याने ओढलं नाही. ढकललं. ते तिच्यापासून हातभर लांब गेलं, थरथरलं आणि मातीवर बसलं. पाती थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही. धुळीने तिची पाडव्याची साडी भरली. मग वाकून तिने ते उचललं आणि माझ्याकडे यायच्या आधी भावासमोर थांबली.

“ताई, लोकं पाहून राह्यले,” विनायक म्हणाला.

“पाहू दे,” ती म्हणाली. “सही केली ते केली. आता तू भाऊबिजेले येऊ नोको.”

तो हसला. ताई रागात आहे, असं आजूबाजूच्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला आनंद होईल. मी संक्रांतीपासून विनायकला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होतो, गल्ल्यामागे बसून, सायकलवरून येताना, अंघोळ करताना. आनंद झाला नाही. ती हेलिकॉप्टर उचलून पुढे चालत होती आणि मी मागून. नागपूरच्या त्या माणसाने संध्याकाळीच प्लॉट पक्का केला. ते हेलिकॉप्टर त्यानंतर मी कधी उठवलं नाही. विकायला गेलो नाही, मोडायला गेलो नाही. आहे पेटीत.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. राखीला तिने पोस्टाने राखी पाठवली नाही. कार्तिकात दिवाळी आली आणि भाऊबिजेच्या दिवशी सकाळपासून ती नेहमीसारखी राबत होती. संध्याकाळी ताट घेऊन गच्चीवर गेली. मी मागे गेलो. पश्चिमेला द्वितीयेची कोर होती, बारीक, लवकर मावळणारी. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आमच्या आळीत अशा एक-दोघी आहेत, शोभा त्यांतली कधीच नव्हती. तिने निरांजन लावलं, वाऱ्याला आड हात धरला आणि ओवाळायला सुरुवात केली.

खाली गाडीचं दार वाजलं. विनायकने गेटमधून हाक मारली, “ताई.” त्याच्या आवाजात लाडीगोडी नव्हती, मी पहिल्यांदाच ऐकला तो आवाज तसा. तिने ऐकलं. ताट थांबलं नाही. ओवाळणं पुरं केलं, कोरीवर अक्षता टाकल्या, त्या शेजारच्या कौलांवर पडल्या असाव्यात, बारीक आवाज आला. त्याने पुन्हा हाक मारली.

“खाली जाऊन सांगा त्याले,” शोभा माझ्याकडे न पाहता म्हणाली. “माझं ओवाळून झालं.”

मी जिना उतरून खाली गेलो आणि त्याला तेवढंच सांगितलं.